आयते अन्न

मराठीत ‘आयते’ हा शब्द निर्दोष अर्थाने क्वचितच वापरला जातो. ‘आयत्या बिळावर नागोबा’ आणि ‘आयत्या पिठावर रेघोट्या’ या दोन्ही म्हणी दुसऱ्याच्या कष्टाचे फळ विनासायास भोगणाऱ्यावर ठपका ठेवतात. त्यांतील दुसरी म्हण अधिक विचार करण्याजोगी आहे, कारण ती स्वयंपाकघरातून आलेली आहे. तिच्यात पीठ आहे आणि त्या पिठावर रेघोट्या ओढणारा कोणी आळशी माणूसही आहे. परंतु ते पीठ दळणारी व्यक्ती त्या म्हणीत कोठेच नाही. पहाटेच्या अंधारात जात्याशी बसलेली बाई म्हणीने गृहीत धरली आहे. जे इतके परिचित असते की त्याचा उल्लेख करण्याची गरज भाषेला वाटत नाही, त्यातच समाजाची नीती पुष्कळदा दडलेली असते.

तयार पीठ, तयार मसाला, पाण्यात कालवताच सिद्ध होणारे मिश्रण, उकळत्या पाण्यात दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया, डबाबंद फळे आणि पाकीटबंद भाजी या पदार्थांविषयीची चर्चा बहुधा चव आणि आरोग्य या दोन मुद्द्यांभोवती फिरते. हे दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत. तथापि त्यांच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे आणि तो नीतिविचाराच्या कक्षेतील आहे. दुसऱ्याच्या श्रमातून सिद्ध झालेले अन्न खाणाऱ्याचे त्या श्रमाशी कोणते नाते असते? आणि यंत्राने किंवा कारखान्याने तो श्रम वाचवला, तर वाचलेल्या वेळावर अधिकार कोणाचा? आयत्या अन्नाचा इतिहास या दोन प्रश्नांच्या उजेडात पाहिला, तर तो केवळ शोधांचा इतिहास राहत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास भिलाईसारखे गाव अनेक दृष्टींनी सोयीचे आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या प्रदेशात पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या कारखान्याभोवती सेक्टरांची नगरी वसली, पुढे तिच्या जोडीला इतर वसाहती आल्या. ‘हुडको’ ही त्यांपैकीच एक. १९७० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण व नगरविकास महामंडळाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरेच येथे वस्तीचे नाव झाली आहेत. या परिसरातील मराठी कुटुंबांचा इतिहास मात्र कारखान्याहून जुना आहे. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगडावर पसरली होती. पुढे मध्य प्रांताची राजधानीही नागपूरच होती आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा संबंध प्रशासकीय पातळीवर टिकून राहिला. त्यामुळे नोकरीसाठी नागपूर, भंडारा, वर्धा या बाजूंनी आलेल्या माणसाला भिलाई हा अगदीच परका मुलूख नव्हता.

झोतभट्टी एकदा पेटली की ती रात्रीसाठी विझवता येत नाही. म्हणून पोलादाच्या कारखान्यात दिवस तीन पाळ्यांत विभागलेला असतो. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा हे कामगाराच्या दिवसाचे तीन दरवाजे होत. घरातील चुलीलाही हेच घड्याळ पाळावे लागते. पहिल्या पाळीला जाणाऱ्याचा डबा पहाटे पाचच्या सुमारास भरावा लागतो. रात्रपाळी करून आलेला माणूस इतरांच्या न्याहारीच्या वेळी जेवतो आणि मुले शाळेत निघाली की झोपतो. आठवड्याने पाळी बदलली की स्वयंपाकघराचेही वेळापत्रक बदलते. शेतीप्रधान जीवनात सूर्य आणि ऋतू अन्नाची वेळ ठरवीत असत. येथे ती भट्टी ठरवू लागली. अशा घरात ‘सोयीचे अन्न’ ही चैन नसून गरज असते, ही गोष्ट प्रथमच मान्य केली पाहिजे.

परंतु या मुलखाला सोयीचे अन्न कारखान्याने शिकवलेले नाही. छत्तीसगडातील श्रमिकाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न म्हणजे ‘बासी’. रात्री शिजवलेला भात पाण्यात बुडवून ठेवायचा. रात्रभरात तो किंचित आंबतो. सकाळी मीठ, कांदा, चटणी किंवा भाजी यांच्यासोबत तो खाऊन शेतावर जायचे. सकाळी चूल पेटवावी लागत नाही, जळण वाचते, उन्हात काम करणाऱ्याला पाण्याचा आधार मिळतो. ताजा भात थंड करून काही तासच पाण्यात ठेवला तर त्याला ‘बोरे’ म्हणतात. २०२२ साली छत्तीसगड शासनाने १ मे या कामगारदिनी बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले आणि गरिबाच्या घरातील हे भांडे एकाएकी अस्मितेचे चिन्ह झाले. मंत्र्यांची आणि अधिकाऱ्यांची बासी खातानाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्या सन्मानात सद्‌भाव होता यात शंका नाही. परंतु बासी हे एके काळी आवडीने निवडलेले अन्न होते की दुसरा मार्ग नसल्याने पत्करलेले, हा प्रश्न त्या छायाचित्रांत उमटणे शक्य नव्हते.

येथे शुद्धाशुद्धतेचा जुना विचार आठवतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात अन्नाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे भेद केले आहेत, आणि शिजवून प्रहर उलटून गेलेले, शिळे अन्न तामस गटात घातले आहे. उष्ण हवामानाच्या देशात या विवेकाला आरोग्याचा आधार होताच. परंतु ताजे अन्न दोन्ही वेळा मिळण्यासाठी दोन्ही वेळा चूल पेटवण्याइतके सरपण लागते, आणि चुलीपाशी दोन्ही वेळा उभे राहणारे कोणीतरी लागते. ज्या घरातील बाई स्वतःच दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबते, त्या घराला हा सात्त्विकपणा परवडत नाही. शिळ्या अन्नाला तामस म्हणणाऱ्या दृष्टीच्या पोटात, ताजे रांधणारा हात सदैव उपलब्ध आहे असे गृहीतक आहे. म्हणीतील न दिसणारी दळणारी येथेही नाहीच.

विदर्भातून आलेल्या मराठी घरांनी आपल्यासोबत आणलेले तंत्रज्ञान वाळवणाचे होते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात सरगुंडे, कुरडया, पापड, सांडगे, मुगवड्या घालायच्या आणि त्या वर्षभर पुरवायच्या. पदार्थातील पाण्याचा अंश कमी केला की त्याचा नाश करणारे सूक्ष्मजीव वाढू शकत नाहीत, हे शास्त्र पुढे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. अंगणातील बायकांना त्याचे फलित आधीपासून ठाऊक होते. भाजणी, मेतकूट, सातूचे पीठ हे तर आजच्या परिभाषेत तयार मिश्रणेच म्हणावी लागतील. सातूचे पीठ गूळपाण्यात कालवले की वाटसरूची भूक भागे. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या प्रवासात टिकत. म्हणजे वेळ साठवून ठेवण्याची कल्पना नवीन नाही. उन्हाळ्यातील मोकळे दिवस वाळवून डब्यात भरले जात आणि पावसाळ्यातील घाईच्या दिवशी ते काढले जात. या व्यवस्थेत ज्या बाईने वेळ साठवला तीच तो खर्च करी, आणि साठवण्याचे ज्ञान तिच्याच हातात होते. आधुनिक सोयीच्या अन्नाने जो बदल केला तो नेमका या ठिकाणी.

आधुनिक अन्नतंत्राचा उगम गृहिणीच्या सोयीत झालेला नाही. नेपोलियनच्या काळात फ्रेंच शासनाने अन्न टिकवण्याच्या उपयुक्त पद्धतीसाठी निकोला आपेर याला बारा हजार फ्रँकचे पारितोषिक दिले, आणि त्याने आपली पद्धत १८१० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. काचेच्या बाटलीत अन्न घट्ट बंद करून ती उकळत्या पाण्यात ठेवायची, ही ती पद्धत. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने कथिलाचा मुलामा दिलेल्या डब्याचे पेटंट घेतले. अन्न का टिकते याचा उलगडा पाश्चरच्या संशोधनामुळे अर्धशतकानंतर झाला. इतकेच नव्हे, तर डबा उघडण्याचे खास हत्यारही सुमारे चार दशकांनी आले. तोवर सैनिक आणि खलाशी छिन्नी-हातोडीने डबे फोडीत. ज्या वस्तूचा उपभोक्ता सैनिक असतो, तिच्या सुलभतेची चिंता कोणी करीत नाही, हेच यातून दिसते.

सैन्यानंतर कारखाना आला. स्वित्झर्लंडमध्ये गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना स्वयंपाकाला वेळ मिळत नाही आणि कामगार कुटुंबांचे पोषण बिघडते, ही चिंता तेथील समाजहितैषी मंडळींना वाटू लागली. युलिउस मागी या गिरणीमालकाने कडधान्यांच्या पिठापासून लवकर शिजणारी सुपे तयार केली ती १८८० च्या दशकात, या पार्श्वभूमीवर. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली जपानमध्ये तत्काळ शिजणाऱ्या शेवया बाजारात आणल्या, त्यामागे युद्धोत्तर उपासमारीच्या आठवणी होत्या. सैन्य, गिरणी आणि भूक या तीन गरजांतून हे तंत्र जन्माला आले. गिरणीच्या बाबतीत एक गोष्ट विशेष विचारणीय आहे. कामगार स्त्रीला वेळ नव्हता, कारण तिचा वेळ गिरणीने घेतला होता. त्यावर कामाचे तास कमी करणे हा एक उपाय होता. लवकर शिजणारे अन्न देणे हा दुसरा. दुसरा उपाय बाजाराला अधिक मानवला.

भारतात या इतिहासाला निराळे वळण मिळाले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली म्हैसूर येथे केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था सुरू झाली आणि १९६१ साली त्याच शहरात संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. टंचाईच्या काळातील देशाला नासाडी थांबवायची होती आणि सीमेवरील सैनिकाला शिधा पुरवायचा होता. महाराष्ट्रात खाजगी उद्योगाने मध्यमवर्गीय स्वयंपाकघराकडे लक्ष वळवले. गिरगावात १९१० साली सुरू झालेल्या बेडेकरांच्या दुकानाने मसाले आणि लोणची यांना घराबाहेरची प्रतिष्ठा दिली. पुण्यात १९६३ साली ‘गिट्स’ने तयार मिश्रणांचा व्यवसाय आरंभला, आणि रात्रभर भिजवणे, वाटणे, आंबवणे यांवाचून इडली होऊ लागली. १९८० च्या दशकात दोन मिनिटांच्या शेवया आल्या. याच काळात पाकज्ञानही वाटेने चालत होते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे, आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. सासूच्या हाताखाली वर्षानुवर्षे उमेदवारी करून मिळणारे ज्ञान वाटी-चमच्याच्या मापात छापले गेले, हीसुद्धा एक सोयच होती. भिलाईसारख्या दूरच्या वसाहतीत माहेर-सासर या दोहोंपासून तुटलेल्या तरुण गृहिणीला अशा पुस्तकाचा आधार किती मोठा असेल, हे सहज समजण्यासारखे आहे.

या प्रवाहाला सर्वांत मूलगामी विरोध झाला तोही मराठी भूमीवरच. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, जात्याचे पीठ आणि गूळ यांचा आग्रही पुरस्कार सुरू झाला. त्यामागे दोन युक्तिवाद होते. पहिला पोषणाचा. गिरणीत पॉलिश केलेल्या तांदळाचा आणि बेरीबेरी या रोगाचा संबंध आइकमन यांनी जावामधील संशोधनातून दाखवला होता आणि त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला होता. दुसरा युक्तिवाद उपजीविकेचा. भाताच्या कोंड्याबरोबर खेड्यातील रोजगारही गिरणीत जातो, असे ग्रामोद्योगवाद्यांचे म्हणणे होते. हायड्रोजनच्या साह्याने तेल घट्ट करून केलेल्या वनस्पती तुपाला गांधीजींचा विरोध होता. १९३७ पासून ‘डालडा’च्या डब्याने घरोघर प्रवेश मिळवला आणि रिकामा डबा घरातील धान्याचा डबाही झाला. या घट्ट केलेल्या तेलातील ट्रान्स स्निग्धाम्ले हृदयाला अपायकारक आहेत हे अनेक दशकांनी सिद्ध झाले, आणि जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-तुपातील त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन आले. या एका बाबतीत तरी काळाने मगनवाडीच्या बाजूने कौल दिला, असे म्हणावे लागते.

तरीही हा युक्तिवाद जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. हातसडी म्हणताना तो हात कोणाचा, हे विचारावे लागते. छत्तीसगडातील ढेंकी असो की महाराष्ट्रातील उखळ आणि जाते, ते बहुतांशी बाईच्या पायांनी आणि हातांनी चालले. ग्रामोद्योगाच्या अर्थशास्त्राने त्या श्रमाला राष्ट्रीय प्रतिष्ठा दिली. पण घरातील दळणाची विभागणी त्याने फारशी बदलली नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला हाच पेच आणखी तीव्रतेने जाणवतो. मराठी स्त्रीच्या काव्याचा फार मोठा ठेवा जात्यावर निर्माण झाला. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला, त्याची संख्या लाखाच्या वर गेली. बहिणाबाई चौधरी यांची गाणी, जी १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तीही अशाच कामाच्या लयीत आकाराला आलेली. गावात पिठाची गिरणी आली आणि ओवीचे स्थान गेले. ही हानी खरी आहे. तथापि ओव्यांमधील बाई स्वतः दळणाविषयी काय सांगते ते ऐकले तर आपल्या हळहळीला आवर घालावा लागतो. थकवा, झोपमोड, सासुरवास, माहेरची ओढ यांनी त्या ओव्या भरलेल्या आहेत. कविता टिकावी म्हणून दुसऱ्या कोणी पहाटे तीनला उठावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणत्याही रसिकाला नाही. जो दळण्यासाठी स्वतः बसणार नाही, त्याचा गतकाळाचा शोक हाही आयत्या पिठावरचाच असतो.

मग आयत्या अन्नाने बाई मुक्त झाली असे म्हणावे काय? तेथेही घाई करता येत नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार स्त्रीने १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवले की घरगुती यंत्रांनी प्रामुख्याने पुरुषांची आणि मुलांची कामे कमी केली. आईचे काम तितकेच राहिले, कारण स्वच्छतेच्या आणि जेवणातील वैविध्याच्या अपेक्षा वाढल्या. भारतीय अनुभव याहून फार वेगळा नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषाने आपली नऊ मिनिटे वाचवली. कुकर, मिक्सर, तयार पीठ, तयार मसाला हे सर्व आल्यानंतरचे हे चित्र आहे. म्हणजे वेळ वाचला असेल तर तो स्त्रीच्या हाती फारसा शिल्लक राहिलेला नाही. पोळी-भाजीच्या डब्याच्या जागी रोज निराळा डबा आला, मुलाच्या अभ्यासाची देखरेख आली, नोकरी आली. पातेल्यातील पाणी बाहेर काढावे आणि नळ चालूच राहावा, तसे काहीसे हे झाले.

जाहिरातींनीही या व्यवस्थेला धक्का दिला नाही. दोन मिनिटांच्या शेवया कढईतून काढून वाढणारी व्यक्ती आईच राहिली. शिजवण्याची क्रिया इतकी सोपी झाल्यावर ती कोणीही करू शकला असता. दहा वर्षांच्या मुलालाही पाणी उकळता येते. तरी सोपेपणाचा लाभ केवळ शिजवणाऱ्याच्या गतीला झाला, शिजवणारा बदलला नाही. आयत्या अन्नावरील खरा नैतिक आक्षेप कोणता असेल तर तो हा.

याच्या दुसऱ्या टोकाला, घरातून वाचलेला श्रम नाहीसा होत नाही, तो इतरत्र कोणीतरी करते. झोतभट्टीचे उद्घाटन झाले त्याच १९५९ सालच्या १५ मार्चला मुंबईत गिरगावच्या एका चाळीत सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. येथे पापड यंत्राने होत नाही. भगिनी मळलेले पीठ घरी नेतात, पापड लाटून आणून देतात आणि संस्थेच्या मालकीतही त्यांचा वाटा असतो. हजारो घरांना जो पापड आयता मिळतो, तो दुसऱ्या हजारो घरांत लाटला जातो. फरक इतकाच, की जे काम स्वतःच्या घरात विनामूल्य होते त्याला येथे मोबदला आणि मान दोन्ही मिळाले. मुंबईच्या गिरणगावातील खानावळवाल्या बायकांची कथाही अशीच आहे. गावाकडून एकटा आलेला गिरणीकामगार त्यांच्या जेवणावर जगत होता. त्या मात्र सावकाराच्या कर्जात होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना संघटित केले आणि बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीसंप सुरू झाला, कामगाराचे वेतन थांबले आणि खानावळीची चूलही अडचणीत आली. कामगाराचे पोट आणि खानावळवालीचे पोट एकाच धाग्याने बांधलेले होते. पाकिटातल्या अन्नात हा धागा तुटत नाही, फक्त दिसेनासा होतो.

हे न दिसणे नेहमीच वाईट असते असे नाही. सोवळ्या-ओवळ्याच्या समाजात अन्न कोणी शिजवले हा प्रश्न माणसाला दूर ठेवण्यासाठी विचारला गेला. दुकानातील पाकिटाला जात विचारता येत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली. भिलाईसारख्या, देशाच्या सर्व भागांतून माणसे आलेल्या गावात एका रांगेत ताट घेऊन उभे राहण्याचा सामाजिक अर्थ केवळ सोयीपुरता नव्हता. दुसऱ्या बाजूने, अन्नतंत्राच्या इतिहासात कोणाचे ज्ञान नोंदले गेले हेही पाहिले पाहिजे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील दलित स्वयंपाकघराचे जे चित्रण आहे, त्यात मांस वाळवून केलेल्या चान्या आहेत. टिकवण्याचे हे तंत्र कुरडयांच्या तंत्राहून कमी प्रतीचे नव्हते. परंतु मराठी पाकशास्त्राच्या प्रतिष्ठित पुस्तकांत त्याला प्रवेश नव्हता. भूक आणि अपमान यांच्या सान्निध्यात साठवलेले अन्न ‘परंपरा’ या गोड शब्दात सामावत नाही. परंपरेचे गोडवे गाताना कोणाची परंपरा, हा प्रश्न म्हणून आवश्यक ठरतो.

विश्वासाचा मुद्दा आता उरतो. घरात रांधणारी बाई त्याच भांड्यातून जेवते. तिच्या प्रामाणिकपणाचे हेच प्रमाणपत्र असते. कारखान्यातील अन्न करणारा ते खाईलच असे नाही. म्हणून तेथे नात्याच्या जागी कायदा येतो. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा, १९९२ चा शिशुदुग्धपर्याय व दुधाच्या बाटल्यांविषयीचा कायदा, २००६ चा अन्नसुरक्षा कायदा ही त्या तुटलेल्या नात्याची सांधेजोड आहे. पाकिटावरील बारीक अक्षरांतील घटकांची यादी हा आपल्या काळातील सर्वाधिक छापला जाणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा मजकूर असावा. २००९ साली ब्राझीलमधील कार्लुस मोंतेइरू यांनी अन्नाचे वर्गीकरण त्यातील पोषकांवरून न करता प्रक्रियेच्या स्वरूपावरून आणि हेतूवरून करावे, असा विचार मांडला. भाजणीही प्रक्रिया केलेले अन्न आहे आणि कारखान्यातील रंग-गंध घातलेले मिश्रणही. पण एकात धान्य ओळखू येते आणि दुसऱ्यात मूळ पदार्थाचा मागमूस राहत नाही. या भेदाला नैतिक बाजूही आहे. जे आपण ओळखू शकत नाही त्याविषयी संमती देता येत नाही, आणि संमतीवाचून केलेली निवड ही नावापुरतीच निवड असते. ज्याच्या हाती पैसा आणि वेळ दोन्ही कमी, त्याच्या वाट्याला असेच अन्न अधिक येते. पूर्वी बासी गरिबाची होती. आता चकचकीत पाकीट गरिबाचे होत आहे आणि बासी समारंभाची.

भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःसाठी रांधणाऱ्याला दोष दिलेला आहे. रांधणे हे यज्ञासारखे, वाटून घेण्याचे कर्म आहे, हा त्यातील आशय. परंतु या विचाराची दुसरी बाजू क्वचितच मांडली गेली. जो जन्मभर इतरांनी रांधलेले खातो आणि कधीच कोणासाठी रांधत नाही, त्याचे काय? भारतीय घरातील बहुसंख्य पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या आयतेच खाल्ले आहे. त्या अन्नाला कोणी आयते म्हटले नाही. त्याला ‘घरचे’ म्हटले गेले. बाईच्या वाट्याला पहिल्यांदा थोडे आयते आले, तेव्हा मात्र समाजाला संस्कृतीच्या ऱ्हासाची चिंता वाटू लागली. या चिंतेतील काही भाग खरा आहे, तो पोषणाचा आणि बाजारावरील अवलंबनाचा. उरलेला भाग एका सेवकाच्या सुटीविषयीची तक्रार आहे.

म्हणून आयत्या अन्नाचा निवाडा त्याच्या आयतेपणावरून करता येणार नाही. वाचलेला वेळ कोणाला मिळाला, ज्या हातांनी ते केले त्यांना योग्य मोबदला आणि मान मिळाला काय, आणि खाणाऱ्याला त्यात काय आहे हे कळते काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तो निवाडा अवलंबून राहील. या कसोटीवर घरी लाटलेली पोळीही नापास होऊ शकते आणि दुकानातून आणलेला पापड उत्तीर्ण होऊ शकतो. स्वयंपाक हे ज्ञान आहे, आणि ते एका हातात कोंडून ठेवले तर ओझे होते. ते घरातील सर्वांच्या हातात आले, तरच निवडण्याचे स्वातंत्र्य खरे ठरते. ज्याला भात शिजवता येतो, त्याने पाकीट आणले तर ती सोय. ज्याला येत नाही, त्याच्यासाठी ते परावलंबन.

हुडकोसारख्या वसाहतीतील अनेक घरांत आता निवृत्त माणसे राहतात. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याहून दूर गेली आहेत. त्यांच्यासाठी येथून भाजणीचे, मेतकुटाचे, मुगवड्यांचे पुडे जातात. दूरच्या शहरातील खोलीत कोणी मुलगा किंवा मुलगी त्या भाजणीत पाणी आणि कांदा घालून थालीपीठ लावते, तेव्हा तेही आयतेच अन्न असते. परंतु ती भाजणी कोणी भाजली, कोणत्या उन्हात आणि किती वेळ उभे राहून, हे खाणाऱ्याला ठाऊक असते. ते ठाऊक असण्यात एक ऋण असते. सुटीत घरी आल्यावर त्या मुलाने कढईपाशी उभे राहून पुढची भाजणी स्वतः भाजावी आणि आईने तेवढा वेळ बाहेर ओट्यावर बसावे, एवढ्याने त्या ऋणाची थोडीशी फेड होते. म्हणीतून हरवलेली दळणारी बाई त्यानंतरच आपल्या विचारात परत येईल.